फासा, गणित आणि विश्वास

‘जे व्हायचे ते चुकत नाही,’ हे वाक्य आपल्या बोलण्यात फार सहजपणे येते. दफनभूमीवरून परतताना कोणीतरी ते उच्चारतो आणि बाकीचे मुकाट्याने मान डोलावतात. ख्रिस्ती माणसाच्या तोंडी हेच वाक्य ‘देवाची इच्छा’ असे रूप घेऊन येते. शोकाच्या घडीला या शब्दांत सांत्वन असते, हे कोणीही नाकारणार नाही. परंतु हेच शब्द आपण संकट येण्यापूर्वीही वापरू लागतो, तेव्हा मात्र थांबून विचार करणे प्राप्त होते. मुलाला लस टोचून घ्यावी की नाही, विमा उतरवावा की नाही, शाळेच्या तडा गेलेल्या भिंतीकडे लक्ष द्यावे की नाही, अशा प्रसंगी ‘देव पाहून घेईल’ असे म्हणणे हा विश्वास आहे काय? आणि धोक्याचे गणित मांडून पाऊल टाकणारा मनुष्य देवावरचा आपला भरवसा तेवढ्याने उणा करतो काय? मनुष्यजात हे गणित कसे शिकली, याचा इतिहास पाहिला तर या प्रश्नावर बराच प्रकाश पडतो.

प्राचीन जगात फासे होते, चिठ्ठ्या होत्या, जुगारही होता. नव्हते ते त्यांचे गणित. ज्या ग्रीकांनी भूमिती एवढ्या उंचीला नेली, त्यांनीही फाशाचे सहा पृष्ठभाग मोजून पुढचा हिशेब मांडला नाही. असे का व्हावे? याचे एक कारण आपल्याला पवित्र शास्त्राच्या पानांतून उमगते. यहोशवाने वचनदत्त देश वंशांना वाटून दिला तो चिठ्ठ्या टाकून. योना ज्या तारवात होता त्यातील खलाशांनी वादळाला जबाबदार कोण हे शोधले तेही चिठ्ठ्या टाकूनच. यहूदाच्या रिकाम्या जागी मत्थियाची निवड झाली तीही तशीच. चिठ्ठी माणसाच्या हातून पडली तरी निकाल परमेश्वराचा, अशी नीतिसूत्रांची धारणा आहे. ‘गोराल’ या इब्री शब्दाचा अर्थ चिठ्ठी असाही होतो आणि चिठ्ठीने वाट्याला आलेला भाग असाही होतो. आपल्या ‘नशीब’ या शब्दाचेही तसेच आहे. मूळ अरबीत ‘नसीब’ म्हणजे वाटा.

आता पाहा, चिठ्ठी ही देवाची वाणी मानली की ती एकदाच टाकायची असते. पुन्हा टाकून पाहणे म्हणजे देवाच्या उत्तरावर शंका घेणे. गणित तर पुनःपुन्हा टाकल्यावाचून आणि प्रत्येक वेळी काय पडले ते टिपून ठेवल्यावाचून सुचणार नाही. जेथे प्रत्येक चिठ्ठी हा देवाचा कौल, तेथे शंभर चिठ्ठ्यांची सरासरी काढण्याचे कोणाच्या मनात येणार?

तथापि शास्त्रलेखकांना ‘योगायोग’ ठाऊकच नव्हता, असे समजू नये. रूथ सरवा वेचायला निघाली आणि नेमकी बवाजाच्या शेतात जाऊन पोहोचली, हे सांगताना लेखक ‘मिक्रे’ हा सहजगत्या घडणाऱ्या गोष्टीचा वाचक शब्द वापरतो. उपदेशकाला तर वेगवान धावपटू आणि बलवान योद्धा यांच्याही आड काळ आणि प्रसंग येताना दिसतात. चांगल्या शोमरोनी माणसाच्या दाखल्यात याजक त्या वाटेने आला तो ‘सिंकिरिया’मुळे, म्हणजे योगायोगाने, असे प्रभू येशू म्हणतात. नव्या करारात हा ग्रीक शब्द त्या एकाच ठिकाणी येतो. भाषांतरकाराला अशा जागी ‘दैव’ लिहून चालत नाही, कारण त्या शब्दामागे पूर्वसंचिताची सावली उभी असते. परंतु शब्दाहूनही महत्त्वाची गोष्ट दाखल्याच्या रचनेत आहे. याजकाचे त्या वाटेने येणे योगायोगाचे होते. जखमी माणसाला पाहून वाटेच्या दुसऱ्या बाजूने निघून जाणे योगायोगाचे नव्हते. काय घडते आणि घडल्यावर आपण काय करतो, यांतील सीमारेषा प्रभूने तेथे आखून ठेवली आहे.

आपल्या देशाच्या परंपरेतही या विषयाची एक लक्षणीय कथा आहे. महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यानात राजा ऋतुपर्ण रथातून जाता जाता बेहड्याच्या झाडाकडे पाहतो आणि पूर्ण झाड न मोजता त्याच्या पानाफळांची संख्या सांगतो. नल रथ थांबवून मोजून पाहतो, तो हिशेब बरोबर निघतो. ऋतुपर्ण सांगतो की आपल्याला फाशांचे रहस्यही अवगत आहे, आणि ते तो नलाला शिकवतो. थोड्यावरून पुष्कळाचा अंदाज बांधणे आणि फाशांची विद्या, या दोहोंचे काही नाते आहे, हे त्या कथाकाराला जाणवले होते. मात्र तेथे ती राजांमध्ये देवघेव होणारी गुप्त विद्या आहे. तिच्यातून सर्वांना वापरता येईल असे शास्त्र उभे राहिले नाही.

तसे शास्त्र उभे राहिले ते सतराव्या शतकातील युरोपात, आणि तेही एका वाटणीच्या प्रश्नातून. १४९४ साली लुका पाचोली या फ्रान्सिस्कन संन्याशाने आपल्या गणितग्रंथात तो चर्चिला होता. त्याने वाटणी जिंकलेल्या डावांच्या प्रमाणात केली आणि ती चुकली. १६५४ साली ब्लेझ पास्काल आणि पिएर द फर्मा यांनी परस्परांना पत्रे लिहून तो सोडवला. दोन खेळाडूंनी प्रत्येकी ३२ मोहरा पणाला लावल्या आहेत. जो आधी तीन डाव जिंकेल त्याने सर्व ६४ मोहरा घ्यायच्या. पहिल्याचे दोन आणि दुसऱ्याचा एक डाव झाला असता खेळ मोडावा लागला, तर वाटणी कशी करावी? पास्कालचे म्हणणे असे की पुढचा डाव पहिला जिंकता तर ६४ मोहरा त्याच्या होत्या. हरता तर दोघे बरोबरीत येऊन त्याला ३२ मिळाल्या असत्या. म्हणजे ३२ मोहरा कोणत्याही परिस्थितीत त्याच्याच. उरलेल्या ३२ वर दोघांचा सारखाच अधिकार. म्हणून पहिल्याला ४८ आणि दुसऱ्याला १६.

या उत्तरात विलक्षण काही आहे. जो डाव खेळलाच गेला नाही, त्याचीही न्याय्य वाटणी करता येते! मागे किती डाव झाले यापेक्षा पुढे काय काय होऊ शकले असते, हे येथे मोजले आहे. संभाव्यतेच्या गणिताचा जन्म जुगाराच्या पटावर झाला असे म्हणतात, ते खरे आहे. परंतु त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न लोभाचा नव्हता, कोणाला किती देणे न्यायाचे होईल हा होता. याच वर्षी २३ नोव्हेंबरच्या रात्री पास्कालला देवाचा जो दाहक साक्षात्कार झाला, त्याची टिपणी त्याने आपल्या अंगरख्यात शिवून ठेवली आणि १६६२ साली तो वारल्यावर ती सापडली. एकाच माणसाने एकाच वर्षी गणित मांडले आणि देवापुढे लोटांगणही घातले. त्याला या दोहोंत विरोध दिसला नाही.

या ठिकाणी एका शब्दाकडे लक्ष वेधावेसे वाटते. लॅटिन ‘प्रोबाबिलिस’ या शब्दाचा जुना अर्थ ‘मान्यतेस पात्र’ असा होता. ज्या मताला थोरामोठ्यांचा आधार, ते मत संभाव्य. गंमत अशी की आपल्या ‘संभावित’ या शब्दातही ‘शक्य असलेला’ आणि ‘प्रतिष्ठित’ हे दोन्ही अर्थ नांदतात. जुन्या जगात एखादी गोष्ट कितपत खरी मानावी हे ती सांगणारा किती संभावित आहे यावर ठरे. नव्या विद्येने विचारले, असे शंभरांत किती वेळा घडते? हा प्रश्न विचारायला मोठे पद लागत नाही, नोंदी लागतात.

आणि नोंदी कोणाजवळ होत्या? वाचकहो, त्या होत्या मंडळीजवळ. लंडनच्या धर्मग्रामांतील कारकून दर आठवड्याला दफनांच्या याद्या प्रसिद्ध करीत. जॉन ग्राँट नावाच्या व्यापाऱ्याने त्या वर्षानुवर्षांच्या याद्या एकत्र करून १६६२ साली एक छोटे पुस्तक लिहिले. जन्मलेल्या १०० मुलांपैकी ३६ सहा वर्षांची होण्याआधीच दगावतात, असा त्याचा अंदाज होता. ब्रेस्लाऊ नगरातील (आजचे पोलंडमधील व्रोत्सवाफ) पाळक कास्पार नॉयमान यांनी आपल्या नगरातील जन्ममृत्यूंच्या नोंदी गोळा केल्या. सात आणि नऊ यांच्या पटीतील वर्षे माणसाला घातक असतात, या समजुतीत काही तथ्य आहे काय, हे त्यांना पाहायचे होते; तथ्य आढळले नाही. त्यांच्याच आकड्यांवरून एडमंड हॅली या ज्योतिर्विदाने १६९३ साली आयुर्मानाचा तक्ता तयार केला. कोणत्या वयाच्या किती जणांना पुढचे वर्ष दिसेल, हे त्यावरून सांगता येऊ लागले.

या तक्त्यांचा एक उपयोग आपण विशेष ध्यानात ठेवावा असा आहे. स्कॉटलंडमध्ये पाळक मरण पावला की त्याची विधवा आणि मुले उघड्यावर पडत. अलेक्झांडर वेब्स्टर आणि रॉबर्ट वॉलेस या दोन पाळकांनी यावर केवळ वर्गणी जमवली नाही, तर सर्व मंडळ्यांकडून माहिती मागवली. हयात पाळक सुमारे ९३०. त्यांपैकी दरवर्षी सरासरी २७ मृत्यू पावतात. त्यांतील १८ जणांच्या मागे विधवा राहते. एडिंबरो विद्यापीठातील गणिताचे प्राध्यापक कॉलिन मॅक्लॉरिन यांनी हिशेब तपासून दिला आणि १७४४ साली विधवांचा निधी सुरू झाला. प्रत्येक पाळकाने दरवर्षी ठरावीक रक्कम भरावी आणि तिच्या प्रमाणात त्याच्या विधवेला वर्षासन मिळावे, अशी ती योजना होती. पुढे वीस वर्षांनी निधीत किती रक्कम असेल याचा त्यांनी बांधलेला अंदाज वस्तुस्थितीच्या अगदी जवळ आला.

या दोघा पाळकांचा देवावरील विश्वास कमी होता काय? अनाथ आणि विधवा यांचा समाचार घेणे हेच शुद्ध धर्माचरण, असे याकोबाचे पत्र शिकवते. २७ जणांपैकी कोण मरणार हे वेब्स्टरना ठाऊक नव्हते, ते त्यांनी देवाच्या हाती ठेवले. परंतु २७ जण मरणार हे ठाऊक झाल्यावर त्यांच्या घरच्यांच्या भाकरीची तजवीज न करणे, याला देवाची इच्छा म्हणता आले नसते.

गणित असे निर्विवादपणे भाकर पुरवते तोवर सर्व सोपे असते. जेव्हा ते स्वतःच जिवाचा धोका पत्करायला सांगते, तेव्हा खरी कसोटी लागते. १७२१ साली अमेरिकेतील बोस्टन नगरात देवीची साथ आली. कॉटन मॅदर या पाळकाला ओनेसिमस नावाच्या आफ्रिकी माणसाकडून एक उपाय कळला होता. या ओनेसिमसला मॅदरने गुलाम म्हणून बाळगले होते, हेही येथे नमूद केले पाहिजे. रोग्याच्या फोडातील लस निरोगी माणसाच्या कातडीत टोचली तर त्याला सौम्य देवी येतात आणि तो पुढे सुरक्षित राहतो, असा तो उपाय होता. झॅबडिएल बॉयल्स्टन या वैद्याने तो अमलात आणला आणि नगरात गदारोळ उठला. निरोगी देहात रोग घालणे म्हणजे देवाच्या अधिकारात हात घालणे, असे अनेकांचे मत पडले. मॅदरच्या घरात पेटता बाँबही फेकण्यात आला. साथ ओसरल्यावर आकडे समोर आले. आपोआप देवी आलेल्या साडेपाच हजारांहून अधिक लोकांपैकी ८४४ दगावले, म्हणजे सातांत एक. टोचून घेतलेल्या सुमारे अडीचशे लोकांपैकी ६ दगावले, म्हणजे चाळिसांत एक.

चाळिसांत एक हा सातांत एकापेक्षा बरा, हे शाळकरी मुलालाही कळते. परंतु तो चाळिसावा कोण? १७५८ साली जोनाथन एडवर्ड्स हे थोर धर्मवेत्ते पुढे प्रिन्स्टन म्हणून प्रसिद्धीस आलेल्या महाविद्यालयाचे अध्यक्ष झाले, त्यांनी देवी टोचून घेतल्या आणि त्यातच वयाच्या ५४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. दुसरीकडे बेंजामिन फ्रँकलिनचा चार वर्षांचा मुलगा १७३६ साली देवीने गेला; त्याला टोचले नव्हते. आपण ते केले नाही याची खंत फ्रँकलिनने आत्मचरित्रात नोंदवली, ती अशासाठी की इतर आईबापांनी बोध घ्यावा. एक मृत्यू कृतीमुळे आला, एक अकृतीमुळे. आपले मन पहिल्याचा दोष माणसाला देते आणि दुसऱ्याला देवाची इच्छा म्हणते. परंतु हाती उपाय असताना तो न करणे हाही एक निर्णयच असतो. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला जेन्नरची, तुलनेने पुष्कळच निर्धोक अशी लस टोचली गेली आणि ती भारतातील पहिली लस ठरली. तेव्हाही कोणाला तरी हा निर्णय घ्यावाच लागला असेल.

येथे संख्येची मर्यादाही स्पष्ट होते. संख्या अनेकांविषयी बोलते. या एकाचेच असे का झाले, हे ती सांगू शकत नाही. आणि जेथे संख्या गप्प बसते, तेथे आपण बोलू नये अशी प्रभूची शिकवण आहे. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे दगावली, तेव्हा ती इतरांहून अधिक अपराधी होती काय, हा प्रश्न त्याने स्वतःच उपस्थित केला आणि स्वतःच नाकारला. तरीही १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, लिस्बनचा भूकंप उपासकांनी भरलेल्या मंदिरांवर कोसळला, तेव्हा देवाच्या कोपाची प्रवचने झालीच. रूसोने मात्र पुढल्या वर्षी व्होल्तेरला लिहिलेल्या पत्रात निराळा मुद्दा मांडला, तो असा की तेथे सहासात मजली घरांची दाटी निसर्गाने केलेली नव्हती.

लिस्बन दूरचे वाटत असेल तर किल्लारी आपल्या जवळची आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर, लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. त्या काळच्या नकाशात हा भाग भूकंपाचा धोका सर्वांत कमी असलेल्या पट्ट्यात होता. माणसे मेली ती प्रामुख्याने मातीत रचलेल्या दगडांच्या जाड, जड भिंतींखाली. त्या मृतांच्या पापांचा हिशेब मांडणे हे शिलोहाचा धडा विसरणे होय. भिंतींचा हिशेब मांडणे मात्र आपले कर्तव्य होते. धोक्याचे जुने नकाशे पुढे बदलण्यात आले, हाही एक प्रकारचा पश्चात्तापच म्हटला पाहिजे.

मोशेच्या नियमशास्त्रात या विषयावर एक लहानसा नियम आहे. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात, नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा, नाहीतर कोणी पडल्यास त्या रक्ताचा दोष घरावर येईल, अशी आज्ञा दिली आहे. कोणी पडेलच असे तेथे म्हटलेले नाही. पडू शकेल, एवढ्यावरूनच घरधन्यावर जबाबदारी येते. संभाव्यतेचे गणित जन्मण्याच्या कितीतरी शतके आधी देवाने आपल्या लोकांना सांगून ठेवले होते की दुसऱ्याच्या जिवाला असलेला धोका ठाऊक असणे म्हणजेच त्याचे रक्षण करण्यास बांधील असणे. स्कॉटलंडचा निधी, देवीची लस आणि भूकंपात टिकणारी भिंत हे सारे त्या कठड्याचेच विस्तार आहेत. याउलट मंदिराच्या शिखरावरून उडी टाकून देवाने झेलण्याची वाट पाहा, ही सूचना कोणाची होती आणि प्रभूने ती कशी धुडकावली, हे आपणास ठाऊक आहेच.

परंतु हिशेब करणाऱ्यांत कयफाही होता. सर्व राष्ट्राचा नाश होण्यापेक्षा एकाने मरावे हे सोयीचे, असे गणित त्याने सभेत मांडले. आकड्यांत ते बिनचूक होते. त्यातील खोट अशी की धोका कोणी सोसायचा हे ठरवणारा एक आणि सोसणारा दुसरा. आजही मैलावाहिनीत माणूस उतरवताना असेच गणित चालते. २०१३ च्या कायद्याने मनाई केल्यानंतरही तेथे गुदमरून माणसे मेल्याच्या बातम्या येत राहिल्या. आपल्या सोयीसाठी दुसऱ्याच्या छपराचा कठडा काढून घेणारे गणित कितीही शास्त्रशुद्ध दिसले तरी ते कयफाचेच असते.

कयफाच्या नेमका उलट असा मनुष्य फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात भेटतो. बंदिवासातील पौलाची सेवा करण्यासाठी एपफ्रदीत दूरचा प्रवास करून आला आणि आजारी पडून मरणाच्या दारी पोहोचला. त्याने जीव धोक्यात घातला, हे सांगताना पौल जे ग्रीक क्रियापद वापरतो त्यात पणाला लावण्याचा भाव आहे. मराठीत आपण ‘धोक्यात घातला’ म्हणतो. हिंदी भाषकांत राहणाऱ्या आपल्या वाचकांना ठाऊक आहेच की तेथे तोच ‘धोखा’ फसवणूक होतो. एपफ्रदीत फसला नव्हता. धोका ओळखून तो त्याने स्वतःवर घेतला, दुसऱ्यावर लादला नाही.

म्हणून, वाचकहो, आपल्या मंडळीच्या पुढच्या सभेत छताचा, विजेच्या जुन्या तारांचा, मुलांच्या सहलीच्या बसचा प्रश्न निघेल, तेव्हा ‘देव पाहून घेईल’ असे म्हणण्यापूर्वी थोडे थांबा. वही काढा, मोजा, विचारा. कठडा बांधून झाल्यावरही कोणी पडले, तर त्याच्या पापाची चौकशी न करता त्याच्याजवळ जाऊन बसा. आणि ज्याच्याजवळ जाण्यातच धोका आहे असा कोणी असेल, तर तेथे कोणाला पाठवावे हा हिशेब स्वतःपासून सुरू करा.